घाटातली हाफ मॅरेथॉन, धरलेल्या मांड्या आणि मसाज गन

पायवाट:
रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पहिल्यांदाच धावले. वय ४३, बँकेत दिवसभर बसून काम, धावायला लागून दीड वर्ष झालं. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागला, पण पाय शाबूत होते. उतरताना मात्र गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून सुसाट सुटले. सोमवारी खुर्चीतून उठवेना. मंगळवारी त्याहून वाईट, बँकेचा जिना कठडा धरून आडवी उतरले.

भावाने राखीपौर्णिमेला मसाज गन दिलीय. मंगळवारी रात्री डाव्या मांडीवर सगळ्यात वरच्या स्पीडला, चांगली दाबून, वीसेक मिनिटं चालवली. चालू होती तोवर फार बरं वाटलं. सकाळी बघते तर तळहाताएवढा काळानिळा डाग! उजवीला काहीच केलं नव्हतं आणि आज तीच जास्त मोकळी आहे. माझं चुकलं कुठे? की हे यंत्रच कामाचं नाही?

आणि सासूबाई (७१) म्हणतात, माझ्या पोटऱ्यांवरून पण फिरव. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे.

फिजिओ_कोल्हापूर:
ताई, आधी सासूबाईंचं. त्यांच्या पायाला गन लावू नका. त्या गोळीवर असलेल्या माणसाला आतल्या आत रक्तस्राव व्हायला फार जोर लागत नाही. पोटरी का दुखते ते आधी त्यांच्या डॉक्टरांना पाहू दे. त्यातही एकच पोटरी सुजलेली, गरम किंवा लाल वाटत असेल तर आजच दाखवा, शिरेत गुठळी असू शकते.

आता तुमचं. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात असतानाच प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. त्या ब्रेकने तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दोन-तीन दिवस चढतं आणि साधारण आठवड्यात ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुखतं, हे मी रोज ऐकतो. ते तर धावणं थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं, गनने काढायला काही उरत नाही.

मग गन करते काय? तेवढ्यापुरती दुखऱ्या जागेची जाणीव बोथट करते आणि ताठरपणा कमी करते. २०२० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पोटरीवर पाच मिनिटं गन चालवल्यावर घोटा आधीपेक्षा सुमारे ५ अंश जास्त वाकला, ताकद मात्र वाढली नाही आणि घटलीही नाही. तंतू सांधायचं काम शरीरच करतं, त्याच्या वेळेने. तुम्ही आधीच दुखावलेल्या स्नायूवर, मिनिटाला दोन-तीन हजार ठोके या हिशेबाने, वीस मिनिटं मारा केलात. डाग त्याचाच.

डाग जाईपर्यंत तिथे काही नको. पुढे वापराल तेव्हा गोल बोंडाचं टोक, सगळ्यात खालचा स्पीड, गनचं स्वतःचं वजन पुरे, एका स्नायूवर एक-दोन मिनिटं आणि हात हळू सरकता. नडगी, गुडघ्याची वाटी, गुडघ्यामागची खळगी, जांघ इथे नाही. मानेवर तर मुळीच नाही: मान गनने चोळल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटल्याचं प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं आहे.

आणि एक गोष्ट आजच बघा. लघवी काळ्या चहासारखी झाली तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. स्नायू फार तुटले की त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडावर भार येतो. जोरदार धावण्यानेही असं होऊ शकतं, आणि गनच्या अतिवापरानंतर झाल्याचीही नोंद आहे.

लालमाती:
आमचे वडील तालमीत होते. रोजच्या मेहनतीनंतर पोरं एकमेकांना तेल लावून रगडायची, ते मी लहानपणी बघितलंय. पण मुका मार लागलेल्या जागी वस्ताद कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शिवाय रगडणाऱ्याच्या अंगठ्याला खाली गाठ आहे की सूज हे कळतं, समोरचा कळवळला की हात आपोआप हलका होतो. यंत्राला ते कुठलं कळणार? ते काम तुम्हालाच करायला लागतंय ताई. मी पण गन वापरतो, दोन मिनिटांचा गजर लावूनच.

पायवाट:
लघवीचा रंग नेहमीसारखाच आहे, आत्ताच खात्री केली. सासूबाईंना समजावलं, शनिवारी त्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. त्यांची डावी पोटरी थोडी सुजल्यासारखी वाटते, आधी माझं लक्षच नव्हतं.

फिजिओ_कोल्हापूर:
मग शनिवारपर्यंत थांबू नका, आजच न्या. जाईपर्यंत पोटरी चोळू नका, तेलसुद्धा नको. तुमच्या धावण्याचं नंतर बोलू.

पायवाट:
निघालोच. रिक्षा दारात आहे.

पायवाट:
सोनोग्राफी झाली. गुठळी नाही, गुडघ्यामागे पाण्याची गाठ निघाली. आता जीव थाऱ्यावर आला. पुढच्या वर्षी उतारावर असं होऊ नये म्हणून काय करू?

फिजिओ_कोल्हापूर:
फार बरं झालं. उताराची सवय उतारानेच होते. स्पर्धेच्या महिना-दीड महिना आधीपासून आठवड्यातून एकदा घाटाचा छोटा टप्पा उतरा, पहिल्यांदा एकच किलोमीटर, आखूड पावलं टाकत. एकदा थोडं दुखून गेलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला पुष्कळ कमी दुखतो. या रविवारी मात्र नुसतं चाला, तेही सपाटीवर.