उचल फेडून ट्रम्पेटवाला घ्यावा का? (ठाण्यातला स्विंग-ब्लूज बँड)

कोपरीचा_क्लॅरिनेट

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय, रविवारी उत्तर द्यायचंय.

आमचा सात जणांचा बँड आहे. स्विंग आणि ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं जुनं जॅझच्या घराण्यातलं संगीत वाजवतो. क्लॅरिनेट मी. बास आणि पियानो (म्हणजे कीबोर्डच) ठाण्यातले, ड्रमवाला ऐरोलीचा, गिटारवाली कोपरखैरण्याची, सॅक्सोफोनवाला नेरूळहून येतो. सातवा ट्रम्पेट. तो गेल्या महिन्यात एका इव्हेंटवाल्यांकडे ठरलेल्या पगारावर गेला. त्याला दोन लहान मुलं आहेत, मला त्याचा अजिबात राग नाही. सराव वागळे इस्टेटला मित्राच्या गाळ्यात, रविवारी लेथ बंद असते तेव्हा. पावसाळ्यात पत्र्यावर असा मारा होतो की बास ऐकू येत नाही, नुसता पायाखाली जाणवतो. तरी वाजवतो.

पैशाचं आमचं साधं आहे. बिदागीतून आधी टेम्पोचं भाडं, मग दहा टक्के गल्ल्यात, उरलेल्याचे सात सारखे वाटे. खारघरच्या एका सोसायटीत दिवाळीला २१,००० मिळाले. टेम्पोचे २,८०० गेले, गल्ल्यात १,८२०, प्रत्येकाच्या हातात २,३४०. मीही तेवढेच घेतले. हा नियम माझ्या हट्टाने आहे आणि त्याला कारण माझे वडील.

वडिलांनी ३१ वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पावसाळ्यात लग्नं नसतात, घरात पैसा नसतो, तेव्हा मालक उचल देतो. तुळशीच्या लग्नापासून ती फिटेपर्यंत तुम्ही त्याचे. फिटत आली की पुन्हा पावसाळा येतो. दुसऱ्या एका चांगल्या बँडने वडिलांना बोलावलं होतं, वर्ष १९८८. तेव्हा वहीत त्यांच्या नावावर १,८०० बाकी होते, म्हणून गेले नाहीत. मी शाळेत होतो. त्या रात्री ते बल्बखाली रीड (क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी) धरून ब्लेडने खरवडत बसले होते. उजेडात रीडचा मधला भाग गडद दिसतो, कडा पारदर्शक. इतका वेळ खरवडली की ती रीड वाया गेली. त्यांनी ती फेकली नाही, डबीत परत ठेवली. अजून माझ्याकडे आहे.

आता मुद्दा. खारेगावात एक वरात चालली होती, त्यात कळव्याचा एक पोरगा ट्रम्पेट वाजवत होता. वय २२. गाणं नेहमीचंच, पण ओळीच्या शेवटी तो कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर असा घसरत होता की मी भाजीची पिशवी घेऊन हॉलपर्यंत वरातीबरोबर चालत गेलो. पुढच्या रविवारी त्याला गाळ्यात बोलावलं. बारा मापांचा (एक माप म्हणजे चार मात्रा) ब्लूज, बी फ्लॅटला सा धरून. त्याने असलं काही आधी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्या नुसता ऐकत उभा राहिला. तिसऱ्या फेरीला पाचव्या मापाला बास मध्यमावर गेला आणि हा त्याच्याबरोबर गेला, नवव्याला पंचमावरही. कुणी खूण केली नव्हती.

त्याला यायचंय. पण मालकाची १५,००० उचल डोक्यावर आहे. आमच्या गल्ल्यात ११,४०० आहेत.

सॅक्सवाला म्हणतो, देऊ नका, हाही उद्या जाईल. गिटारवाली म्हणते, द्या, आणि त्याच्या वाट्यातून महिन्याला कापून घ्या. मला दुसरंच खुपतंय. कापून घेतले तर आम्हीही त्याचे मालकच झालो ना? वही माझी आणि नाव त्याचं, एवढाच बदल.

---

मालडब्यातला_तबला

दादा, पैशाचं मला कळत नाही, वाजवण्याचं सांगतो. ठाणे-वाशी गाडीत तुमचा ड्रमवाला नि मी कितीदा मालडब्यात एकत्र उभे असतो, त्यामुळे बँड माहितीतला आहे.

लग्नाच्या बँडमधला मुलगा केरव्यावर वाढलेला असतो, प्रत्येक मात्रेचे दोन सरळ तुकडे करतो. स्विंगला मात्रेचे तीन करायचे, पहिले दोन जोडायचे, तिसरा सुटा. त्याला समोर बसवून हाताने दादरा (तीन-तीन मात्रांचा ताल) धरायला लावा आणि तोंडाने तुमची धून म्हणायला लावा, ट्रम्पेट खाली ठेवून. लय वाढली की हे तीन भाग आपोआप सरळ होत जातात, तिथे ओढून-ताणून झुलवू नका. आणि तो कोमल-शुद्ध गंधार मोडू देऊ नका. जोग रागात दोन्ही गंधार असतातच, आपल्या कानाला ते परके नाहीत.

---

नेरूळचे_आजोबा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांच्या रीडची गोष्ट वाचून थोडा वेळ बाल्कनीत जाऊन बसलो.

तू ज्या बँडांची धून वाजवतोस त्यांच्यातही हे सगळं झालेलं आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागात टेरिटरी बँड असायचे. एकेका टापूत बसने फिरायचं, रोज नवं गाव, रात्री नाच, पहाटे पुन्हा बस. त्यातला ओक्लाहोमा सिटीचा ब्लू डेव्हिल्स. पुढारी वॉल्टर पेज, बास आणि ट्युबा वाजवणारा. त्यांची पद्धत अगदी तुमची: मालक नाही, मिळेल ते सगळ्यांत सारखं. पुढे नावाजलेला पियानोवाला काउंट बेसी, त्याने त्यांना १९२७ साली टल्सा गावात ऐकलं आणि पुढच्या वर्षी त्यांच्यात जाऊन बसला. गायला जिमी रशिंग, ट्रम्पेटला हॉट लिप्स पेज, सॅक्सोफोनला बस्टर स्मिथ. तुझ्या सॅक्सवाल्याला सांग, सॅक्सोफोनचा बादशहा चार्ली पार्कर, त्याने तरुणपणी या बस्टर स्मिथपासूनच शिकून घेतलं.

तिकडे कॅन्सस सिटीत बेनी मोटेनचा बँड होता. त्याच्याकडे व्हिक्टर कंपनीच्या रेकॉर्डी होत्या आणि बारमाही काम होतं. तो एकेक माणूस उचलत गेला. १९२९मध्ये बेसी गेला, मग रशिंग, मग हॉट लिप्स, आणि १९३१मध्ये खुद्द वॉल्टर पेज. मागे राहिलेल्यांनी बस्टर स्मिथच्या हाताखाली बँड चालवला, लेस्टर यंगसारखा सॅक्सोफोनवाला मिळवला, पण १९३३ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड गावात पैसे संपून अडकले आणि तिथेच बँड मोडला. स्मिथ आणि यंगही मग मोटेनकडेच गेले. ब्लू डेव्हिल्सच्या नावावर एकच रेकॉर्डिंग आहे, नोव्हेंबर १९२९चं, दोन बाजू. मी त्या दोन बाजू किती वेळा ऐकल्या असतील याचा हिशेब नाही.

तुझा सॅक्सवाला म्हणेल, बघा, सारखे वाटे करून शेवटी काय झालं. माझं मत वेगळं आहे. वाट्यांमुळे नाही, गल्ला रिकामा राहिल्यामुळे ते अडकले. आणि पुढचं ऐक. मोटेन १९३५ साली टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत गेला. बेसीने कॅन्सस सिटीतल्या रेनो क्लबात आपला बँड उभा केला तेव्हा आजूबाजूला कोण होतं? पेज, रशिंग, यंग, स्मिथ. म्हणजे ब्लू डेव्हिल्सच. पेजचा मापाला चार ठोके चालणारा बास, ड्रमवाल्या जो जोन्सने पायाच्या मोठ्या ड्रमवरून काढून हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) नेलेली लय, १९३७मध्ये आलेला फ्रेडी ग्रीनचा विजेविना वाजणारा गिटार. ग्रीन तिथे १९८७पर्यंत, मरेपर्यंत राहिला. पन्नास वर्षं.

माणसं जातात. ट्रम्पेटवाला आज गेलाय, हा पोरगाही जाईल कदाचित. तू त्याला घे.

---

वाशीची_हिशेबनीस

दादा, काकांनी लिहिल्यावर मी फक्त आकडे लिहिते. मी दिवसभर हेच करते, आणि घरी थोडी गिटारही वाजवते.

मागे तुमच्या बासचा अँप्लिफायर जळला होता, तेव्हा दुरुस्तीचे पैसे बासवाल्याच्या वाट्यातून कापले होते का? नसतील, तर हेही तसंच. ही उचल बँडचा खर्च म्हणून लिहा, त्या मुलाच्या नावावर लिहूच नका. ११,४०० गल्ल्यातून, कमी पडतात ३,६००, तुम्ही सहा जण, प्रत्येकी ६००. त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा.

मात्र गल्ला शून्यावर येईल. म्हणून पुढचे सहा कार्यक्रम दहाऐवजी पंधरा टक्के ठेवा, सगळ्यांचे सारखे. आणि पैसे देताना मालकाच्या वहीतली नोंद तुमच्यासमोर खोडून, तारीख घालून सही घ्या. तोंडी ‘फिटलं’ यावर परत येऊ नका. पावसाळ्यात कुणालाही लागले तर गल्ल्यातून किती देता येतील, तेही आत्ताच ठरवा, नाहीतर हा मुलगा जुलैत पुन्हा त्याच दारात जाईल.

---

कोपरीचा_क्लॅरिनेट

रविवार झाला.

ताई, तुमचा अँप्लिफायरचा प्रश्न मी गाळ्यात मोठ्याने वाचला. कुणी काही बोललं नाही. कापले नव्हतेच. सॅक्सवाला शेवटपर्यंत नको म्हणत होता, पण ६०० पहिले त्यानेच टेबलावर ठेवले. पावसाळ्यासाठी माणशी ३,००० ठरले, फेडीला मुदत नाही. काका, तुमचं लिहिलेलं बासवाल्याने फोटो काढून ठेवलंय. मधल्या सुट्टीत त्या दोन बाजू ऐकल्या, मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून, म्हणजे आवाज जरा मोठा येतो. पोरगा रशिंगचं गाणं पुन्हा लावा म्हणाला. त्याला शब्द कळत नव्हते.

संध्याकाळी मी आणि तो मालकाकडे गेलो. माणूस वाईट वागला नाही, चहा पाजला. वही काढली, पान शोधलं, आडवी रेघ मारली, तारीख घातली, सही केली. पोरगा त्या रेघेकडे बघत होता आणि मी पोराकडे. मला वाटलं होतं मी तिथे काहीतरी बोलेन. नाही बोलता आलं.

मग मालक म्हणाला, वाजा ठेवून जा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ट्रम्पेट पोराचा नव्हताच. त्याने पिस्टन पुसले, नळीतलं पाणी काढलं आणि ठेवला. तोंडाला लावायचा माउथपीस तेवढा त्याचा स्वतःचा, तो खिशात घातला. कळवा नाक्यापर्यंत येताना तो माउथपीसवरच ब्लूजची पहिली चार मापं वाजवत होता, बाजूच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

तर आता कुणाकडे बी फ्लॅट ट्रम्पेट पडून असेल तर कळवा, ठाणे ते पनवेल कुठूनही येऊन घेऊन जाईन. पिस्टन अडकत असले, पत्रा चेपला असला तरी चालेल. मी उघडून साफ करतो, गाळ्यात लेथ आहेच. गल्ला सध्या रिकामा आहे, त्यामुळे पैसे दोन हप्त्यांत देईन, आणि ते बँडच्या नावावर.