गणेशोत्सवाची चित्रफीत : आवाज नेमका कोणाला येत नाही?

बी-२०३ : सर्वांना नमस्कार. गणेशोत्सवातील कार्यक्रमाची चित्रफीत काल रात्री ग्रुपवर आली, त्याबद्दल समितीचे आभार. परंतु आमच्या सासूबाईंनी म्हटलेल्या गीतेच्या पंधराव्या अध्यायाचा आवाजच त्यात नाही. ओठ हलताना दिसतात, माईक दिसतो आणि शेवटी टाळ्या मात्र कडाडून ऐकू येतात. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी वीसही श्लोक न पाहता म्हटले. कृपया लक्ष घालावे.

सी-४०२ : काकू, पाठवण्यापूर्वी मी फाइल पूर्ण ऐकली होती आणि आजींचा आवाज स्पष्ट होता. तरीही आता पुन्हा तपासले. टाइमलाइनवर कोणताही ट्रॅक म्यूट नाही, दुसरा एखादा ट्रॅक सोलोवर, म्हणजे एकटाच वाजेल असा, राहिलेला नाही, मूळ क्लिप जागच्या जागी आहेत आणि एक्सपोर्ट करताना ऑडिओपुढची खूणही केलेली आहे. आपला मोबाईल सायलेंटवर नाही ना, एवढे पाहावे.

बी-२०३ : सायलेंटवर असता तर टाळ्यासुद्धा ऐकू आल्या नसत्या, बाळा.

ए-१०४ : व्यावसायिक छायाचित्रकार नेमावा, असे मी गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत सुचवले होते आणि ते इतिवृत्तात नोंदलेले आहे.

ए-२०२ : माझी अडचण उलटी आहे. संगणकावर आवाज येतो, थोडा पोकळ वाटतो, पण येतो. पडदा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत काळाच राहतो.

बी-३०१ : म्हणजे एका घरात चित्र आणि दुसऱ्या घरात आवाज आहे. दोन्ही कुटुंबांनी एकत्र बसल्यास कार्यक्रम पूर्ण होईल, चहाचे तेवढे कोणीतरी पाहावे.

सी-४०२ : ए-२०२ काका, तुमच्या बाबतीत चूक माझी आहे. फाइल लहान व्हावी म्हणून मी एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी या चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीने एक्सपोर्ट केली. विंडोजच्या काही संगणकांवर त्यासाठीचे वेगळे जोड-सॉफ्टवेअर नसते, मग प्लेअर आवाज वाजवतो आणि चित्र दाखवत नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडल्यास दिसेल. पुढची प्रत मी एच.२६४ मध्ये काढतो. ती पद्धत २००३ पासूनची असल्याने जुन्या संगणकांनाही ठाऊक आहे.

बी-२०३ : चित्राचा प्रश्न सुटला, आनंद आहे. आवाजाचे काय?

सी-४०२ : काकू, मी आत्ता तिसऱ्यांदा ऐकले. माझ्याकडे आवाज येतो.

ई-१०३ : मलाही येतो.

बी-१०२ : मला येत नाही.

बी-३०१ : ज्यांना येत नाही त्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे जावे, अशी नम्र सूचना.

बी-१०२ : ज्येष्ठ सभासदांच्या श्रवणशक्तीवर विनोद करण्यासाठी हा ग्रुप नाही, याची नोंद घ्यावी. गेल्या वर्षी पाण्याच्या मोटारीचा आवाज आम्हालाच आधी ऐकू आला होता.

सचिव : कृपया विषयावर राहू या. आवाज येतो की नाही याबरोबरच आपण कशावर ऐकले, तेही प्रत्येकाने लिहावे.

ई-१०३ : मोबाईलला इअरफोन लावून ऐकले.

बी-१०२ : मोबाईलच्या स्पीकरवर. फोन जुना आहे, त्याला खाली एकच स्पीकर आहे.

बी-२०३ : आम्हीही मोबाईलच्या स्पीकरवर आणि नंतर ब्लूटूथच्या लहान डब्यावर. दोन्हीकडे फक्त टाळ्या.

सी-४०२ : मी संकलन नेहमी हेडफोनवर करतो.

ए-१०४ : पुन्हा सांगतो. व्यावसायिक छायाचित्रकार. इतिवृत्त पाहावे.

डी-५०१ : आता माझ्या लक्षात आले. मी आकाशवाणीच्या तांत्रिक विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माईकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून एकच आवाज दोन तारांवर येतो, एका तारेवर सुलट आणि दुसरीवर उलट, म्हणजे वाटेत शिरलेली खरखर पुढच्या यंत्राला वजा करता यावी. कॅमेऱ्याची माईकची खाच मात्र त्या दोन तारांना डावा आणि उजवा असे दोन स्वतंत्र आवाज समजते. हेडफोनवर डावा एका कानात आणि उजवा दुसऱ्या कानात जातो, त्यामुळे आवाज डोक्याबाहेर विखुरल्यासारखा वाटला तरी ऐकू येतो. एकच स्पीकर असलेले यंत्र दोघांची बेरीज करते, आणि सुलट अधिक उलट म्हणजे शून्य. दोन स्पीकर असतील तर ए-२०२ म्हणतात तसा पोकळपणा येतो. फसवे असे, की आवाजाची पातळी दाखवणारे दोन्ही मीटर व्यवस्थित नाचत असतात. टाळ्यांचे चित्रण बहुधा मोबाईलवर झाले असेल, म्हणून त्या वाचल्या.

सी-४०२ : हो काका, शेवटच्या टाळ्या माझ्या मोबाईलवरच्या आहेत! पण खात्री कशी करायची?

डी-५०१ : व्हीएलसीच्या ऑडिओ मेनूमध्ये स्टिरिओ मोड आहे. तेथे मोनो, म्हणजे दोन्हींची बेरीज, निवडल्यावर आवाज नाहीसा झाला आणि लेफ्ट निवडल्यावर परतला, तर निदान बरोबर. मग मूळ क्लिपचा फक्त डावा चॅनल मोनो म्हणून घ्यावा. फाइल दहा वेळा पुन्हा एक्सपोर्ट करून फरक पडणार नाही, कारण दोष एक्सपोर्टमध्ये नसून ध्वनिमुद्रणात आहे.

खजिनदार : मिक्सरपासून कॅमेऱ्यापर्यंतची ती केबल समितीने मागील वर्षी घेतली असून तिचे बिल दफ्तरी आहे. कॅमेऱ्याला चालेल अशीच मागितली होती, एवढे स्पष्ट करतो.

ए-१०४ : हेच. केबल समितीने आणायची आणि चित्रण मुलांनी करायचे. म्हणूनच मी सभेत सुचवले होते की

सचिव : आपली सूचना सर्वांना पाठ झाली आहे, गीतेच्या अध्यायासारखी. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत घेऊ.

ए-१०४ : हा टोमणा असल्यास इतिवृत्तात नोंदवावा.

सी-४०२ : काकांचे निदान अचूक निघाले. मोनो करताच आवाज गेला, लेफ्टवर परत आला. रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्स उघडून आजींच्या क्लिपचा ऑडिओ मोनो केला, पहिला चॅनल घेतला आणि एच.२६४ मध्ये नवीन प्रत काढली. या वेळी हेडफोन काढून, मुद्दाम आईच्या जुन्या फोनवर ऐकली आहे. ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकतो, म्हणजे व्हॉट्सॲप तिला दाबणार नाही. काकू, सायलेंटचे बोललो त्याबद्दल क्षमस्व.

ए-२०२ : चित्र दिसले. धन्यवाद.

बी-१०२ : स्पीकरवर स्वच्छ ऐकू येते. डॉक्टरांकडे जाणे रद्द केले आहे, बी-३०१ यांनी नोंद घ्यावी.

बी-२०३ : आवाज उत्तम आला, मनापासून आभार. मात्र सासूबाईंनी आता प्रथमच स्वतःचे पठण ऐकले, आणि अकराव्या श्लोकात आपण अडखळलो असे त्यांचे म्हणणे आहे. तेवढ्या जागेचा आवाज पूर्वीसारखा घालवता येईल का, असे त्या विचारत आहेत.