खुनी दारात उभा असतानाही खरंच बोलायचं? कांटचं म्हणणं नक्की काय आहे?

सांजवेळ:
फिलॉसॉफीच्या पहिल्या वर्षाला आहे, नीतिशास्त्राचा पेपर आहे. बेंथम-मिलचा उपयुक्ततावाद (ज्यात जास्तीत जास्त लोकांचं सुख वाढेल ते योग्य), जर्मन तत्त्वज्ञ कांटचा कर्तव्यवाद (परिणाम काही होवो, कर्तव्य पाळायचं) आणि ॲरिस्टॉटलचा सद्गुणांचा विचार एवढं झालंय. पाठ करायला सोपं आहे पण कांटपाशी मी अडकलेय. मॅडम म्हणाल्या की मित्र तुमच्या घरात लपलाय, त्याला मारायला निघालेला माणूस दारात येऊन विचारतोय तो आत आहे का, तर कांटच्या मते तेव्हाही खोटं बोलायचं नाही. हे खरंच त्यानी लिहिलंय का विरोधकांनी त्याच्या नावावर खपवलंय? आणि लिहिलं असेल तर मग बाकी सगळं तरी का मानायचं त्याचं? तिघांत बरोबर कोण हे ठरवतात कसं?

जुना_वाचक:
त्यानीच लिहिलंय गं. १७९७ चा छोटासा निबंध आहे, कांट तेव्हा सत्तरीच्या पुढे होता. फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट म्हणाला होता की ज्याला खरं ऐकायचा हक्क आहे त्याच्याशीच खरं बोलायचं कर्तव्य असतं, आणि खुन्याला कसला आलाय हक्क. कांटचं उत्तर असं की खरं बोलणं हे त्या एका माणसाचं देणं नाहीच, ते सगळ्या माणसांचं देणं आहे, शब्दावरचा विश्वास गेला की करारांना वगैरे पायाच राहत नाही. वर तो म्हणतो की समजा तू 'घरात नाही' सांगितलंस आणि मित्र तेवढ्यात मागच्या दारानी निसटलेला असला, आणि परत जाणाऱ्या खुन्यानी त्याला रस्त्यात गाठला, तर त्या मरणाचा जाब तुला विचारता येईल. मला हे अजिबात पटत नाही, खुनाचा जाब खुन्यालाच विचारायचा. पण एक बघ, तो बोलतोय ते टाळता न येणाऱ्या विधानाबद्दल, गप्प राहता येत असेल तर गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आणि कांटच्या बाजूच्याच लोकांनी यावर खूप डोकं लावलंय. अमेरिकन तत्त्वज्ञ ख्रिस्टीन कोर्सगार्डनी १९८६ मध्ये दाखवलं की 'सगळ्यांनी असंच वागलं तर चालेल का' ही कांटची कसोटी लावली तर खुन्याशी खोटं बोलणं त्यात बसतं, अडचण येते ती 'माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका' या दुसऱ्या कसोटीपाशी.

नदीकाठ:
हा प्रश्न आपल्याकडे कर्णपर्वात जवळपास जसाच्या तसा आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक म्हणणाऱ्याला मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि रागाच्या भरात ते म्हणतो खुद्द युधिष्ठिर. अर्जुन तलवार काढतो तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नेहमी खरं बोलायचं व्रत घेतलेला ब्राह्मण, दरोडेखोरांनी विचारलं लोक कुठे लपलेत, यानी खरं सांगितलं, ते सगळे मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. कृष्णाचा सल्ला असा की न बोलून सुटका होत असेल तर बोलू नये, बोलावंच लागलं तर तिथे खोटं बरं. टिळकांनी गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात हे सगळं घेतलंय, नक्की वाच. पण म्हणून टिळक मिलच्या बाजूचे असं समजू नकोस हां. 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' यावर त्यांनी चांगलाच हल्ला केलाय, अमेरिकेतल्या ट्रामवेचं उदाहरण देऊन. परवानगीला उशीर होतोय म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम झाली, लोकांची सोय झाली, तरी लाच देणारा दोषीच ठरला. नुसता परिणाम मोजून भागत नाही, करणाऱ्याची बुद्धी, म्हणजे हेतू, कसा होता ते बघावं लागतं असं त्यांचं म्हणणं.

सांजवेळ:
कौशिकाची गोष्ट माहीतच नव्हती, थँक्यू! मग ॲरिस्टॉटल इथे काय म्हणेल, मधला मार्ग? अर्धं खरं अर्धं खोटं?

जुना_वाचक:
नाही नाही, मध्यम म्हणजे सरासरी नव्हे. भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्यामधलं धैर्य असं ते आहे, आणि चोरी, खून अशा गोष्टींना मध्यम नसतोच हे तो स्वतःच सांगतो. तो तुला नियम देणार नाही, तो विचारेल की विवेकी माणूस इथे, आत्ता, या माणसाशी कसा वागेल. परीक्षेत हे लिहायला अवघड जातं म्हणून लोक त्याला दोन ओळींत गुंडाळतात, फार वाईट वाटतं.

वॉर्ड_नंबर_पाच:
मी नर्स आहे, कॅन्सर वॉर्डात काम करते, फिलॉसॉफी नंतर आवडीनी वाचायला लागले. मिलनी खोटं बोलण्याला जे अपवाद सांगितलेत त्यात दोन उदाहरणं शेजारी शेजारी येतात, दुष्ट माणसापासून माहिती लपवणं आणि फार आजारी माणसापासून वाईट बातमी लपवणं. पहिलं मला शंभर टक्के मान्य, तिथे कांट चुकला. दुसरं मान्य नाही. नातेवाईक रोज सांगतात सिस्टर त्यांना काही बोलू नका, खचतील. प्रेमानीच सांगतात, मला कळतं ते. पण पेशंट जेव्हा स्वतः विचारतो की माझं नक्की काय आहे तेव्हा तो खुनी नाहीये, ज्याच्या आयुष्याबद्दल बोलणं चाललंय तोच तो आहे, त्याला पुढची केमो घ्यायची का नाही, घर कुणाच्या नावावर करायचं, दुरावलेल्या भावाला बोलवायचं का हे त्यालाच ठरवायचंय. खोटं सांगून आपण त्याच्या हातातून ते काढून घेतो, आणि साधन म्हणून वापरू नका म्हणणारा कांट इथे मला मिलपेक्षा खूप जास्त बरोबर वाटतो. तेव्हा सांजवेळ, तिघांतला एक निवडून बाकीचे टाकून देऊ नकोस. मी अशा वेळी आधी विचारते, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? काही जण म्हणतात मुलाशी बोला, मग मुलाशी बोलायचं. जे म्हणतात सगळं सांगा, त्यांच्यासाठी मी डॉक्टरांना बोलावते आणि ते सांगतात तेव्हा शेजारी थांबते.