डायनॅमिक क्लॅम्प लावला की व्होल्टेज थरथरतं

प्रश्न: डायनॅमिक क्लॅम्प लावलाय (संगणक व्होल्टेज मोजून दर टप्प्याला करंट नव्याने काढतो आणि पेशीत सोडतो). एमएसओ (मेंदूच्या बुंध्यातला ऐकण्याशी संबंधित भाग) न्यूरॉन, होल-सेल (पिपेट थेट पेशीच्या आतल्या भागाशी जोडलेली), ३५ अंश सेल्सिअस, इनपुट रेझिस्टन्स ८ मेगाओहम. मोजणं-करंट सोडणं हा लूप २० किलोहर्ट्झ. उत्तेजक कंडक्टन्स वाढवला की ट्रेस थरथरतो. साधा करंट दिला तर ठीक चालतं. तोच वापरू का?

उत्तर १: नको. साध्या करंटमध्ये शंटिंग (कंडक्टन्स वाढल्याने पेशीचा रेझिस्टन्स घटणं) येत नाही. खरा उत्तेजक करंट व्होल्टेज शून्याकडे सरकलं की घटतो, इथे तो तेवढाच राहतो. शिवाय २० किलोहर्ट्झ म्हणजे ५० मायक्रोसेकंदांचा टप्पा. ०.२ मिलिसेकंदात चढणाऱ्या इनपुटला जेमतेम चार बिंदू! ५० किलोहर्ट्झच्या वर जा.

उत्तर २: वेग वाढवाच, पण थरथर बहुधा कपॅसिटन्स न्यूट्रलायझेशन (पिपेटच्या कपॅसिटन्सची अँप्लिफायरमधली भरपाई) जास्त झाल्याने. ओव्हरशूट दिसला की किंचित मागे या. बाथमधलं द्रावण उथळ ठेवा. मग ब्रिज (पिपेटच्या रेझिस्टन्सवर पडणारं व्होल्टेज वजा करणारी जुळणी) नीट लावा. ४ नॅनोअँपिअरला २ मेगाओहमची चूक म्हणजे ८ मिलिव्होल्ट, आणि ते थेट पुढच्या टप्प्याच्या हिशेबात शिरतात. अँप्लिफायरची कमांड (संगणकाच्या दर व्होल्टमागे सोडला जाणारा करंट) ४०० पिकोअँपिअर प्रति व्होल्ट असेल तर १० व्होल्टला करंट ४ नॅनोअँपिअरवरच छाटला जातो, हेही तपासा.

उत्तर ३: जंक्शन पोटेन्शियल (पिपेट आणि बाथमधल्या द्रावणांच्या सीमेवरचा व्होल्टेजचा फरक) लूपमध्येच वजा करा. नंतर आलेखात दुरुस्त करून उपयोग नाही, करंट तोवर चुकीचा देऊन झालेला असतो.