मदत हवी आहे : मुंजीची व्हीसीडी जुन्या प्लेअरवर अडखळते

नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये लग्नमुंजींच्या चित्रीकरणाचा माझा छोटा व्यवसाय आहे. एका वयोवृद्ध ग्राहकांनी नातवाच्या मुंजीच्या व्हीसीडीच्या (साध्या सीडीवर लिहिलेल्या व्हिडिओच्या) १५ प्रती मागितल्या आहेत, कारण त्यांच्या नातलगांकडे अजून जुनेच प्लेअर आहेत (पेनड्राइव्हचे नाव काढले की आजोबा हात जोडतात).

चित्रण ९८ मिनिटांचे आहे आणि एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटेच मावतात, म्हणून मातृभोजनानंतर तोडून दोन सीडी केल्या. एमपीईजी-१ पद्धतीचा व्हिडिओ, ३५२ बाय २८८ बिंदूंचे चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, चित्राला सेकंदाला ११५० व आवाजाला २२४ किलोबिट, आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, हे सारे व्हीसीडीच्या ठरलेल्या मापातच ठेवले आहे. तरीही संगणकावर सुरळीत चालणारी सीडी जुन्या प्लेअरवर वीसेक मिनिटांनंतर, म्हणजे लेसर बाहेरच्या कडेकडे सरकू लागल्यावर, अडखळते. बिटरेट (दर सेकंदाला लागणारी माहिती) स्थिर न राहिल्याने असे होत असेल, की मी सीडी ४८एक्स (नेहमीच्या ४८ पट) वेगाने लिहिल्यामुळे? ज्यांनी अलीकडे असे काम केले आहे त्यांनी कोणत्या वेगाने लिहिले, ते कृपया सांगावे.

शिवाय १६:९ चे रुंद चित्र जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत बसवताना काळ्या पट्ट्या ठेवाव्यात की कडा कापाव्यात? कापल्यास बटूची आत्या दिसेनाशी होते.