ॲनालॉग पोझिशन सेन्सरचे आउटपुट उलटे करायचे आहे, मदत हवी आहे

भोसरीचा_फिटर
वर्कशॉपमधील एका जुन्या यंत्राच्या आर्मवरचा पोझिशन सेन्सर बदलल्यापासून आर्म वर गेला की व्होल्टेज वाढण्याऐवजी उतरते आणि कंट्रोलर त्याचा नेमका उलटा अर्थ लावतो. सिग्नल उलटा करणारे साधे सर्किट कोणी सुचवेल काय? गुरुवारच्या सुट्टीत काम उरकायचे आहे.

कोथरूडकर
सेन्सरच्या पुरवठ्याच्या दोन तारांची अदलाबदल करावी, सिग्नलची तार तशीच ठेवावी. एवढ्यासाठी सर्किट कशाला?

सोल्डरवाला
असे सरसकट सांगणे धोक्याचे आहे. साध्या पोटेन्शियोमीटरला (फिरवून बदलणाऱ्या रेझिस्टरला) हा उपाय अचूक लागू पडतो, परंतु हॉल इफेक्टच्या, म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रावरून स्थिती ओळखणाऱ्या, सेन्सरला उलटा पुरवठा मिळाल्यास आतील आयसी जळू शकतो. सेन्सरचा प्रकार, पुरवठा आणि दोन्ही टोकांची रीडिंग्ज यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

भोसरीचा_फिटर
हॉल इफेक्टचाच आहे, तीन तारांचा, ५ व्होल्टचा. आर्म खाली असताना ४.५ आणि पूर्ण वर असताना ०.५ व्होल्ट मिळतात.

पीएलसी_प्रेमी
कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये स्केलिंगची (व्होल्टेजवरून स्थिती काढण्याच्या मापाची) टोके उलटी भरावीत. मी तर हार्डवेअरला हातच लावला नसता.

भोसरीचा_फिटर
कंट्रोलर बंदिस्त आहे, प्रोग्रॅम हाती नाही. तसा असता तर हा धागा काढलाच नसता.

कोथरूडकर
मग सेन्सर शाफ्टच्या दुसऱ्या बाजूने बसवावा, फिरण्याची दिशा आपोआप उलटते. तिथे जागा नसेल तर एलएम३५८ हा ऑपॅम्प (सिग्नल उलटा करू शकणारा ॲम्प्लिफायर आयसी) लावून मोकळे व्हावे.

सोल्डरवाला
दुसऱ्या बाजूने बसवणे उत्तम, जागा असेल तर. एलएम३५८ मात्र येथे चालणार नाही, कारण ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याचे आउटपुट साधारण साडेतीन व्होल्टच्या वर जात नाही आणि येथे ४.५ हवे आहेत. एमसीपी६००२ सारखा रेल-टू-रेल, म्हणजे ज्याचे आउटपुट पुरवठ्याच्या दोन्ही टोकांजवळ पोहोचते असा, ऑपॅम्प घ्यावा; त्या एका आयसीत दोन ऑपॅम्प असतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत चौकशी करावी. त्यातील एक ऑपॅम्प बफर म्हणून सेन्सरला जोडावा, म्हणजे सेन्सरवर भार येणार नाही. दुसरा इन्व्हर्टिंग (सिग्नल उलटा करणाऱ्या) पद्धतीने जोडून इनपुट आणि फीडबॅक या दोन्ही जागी १०० किलोओहमचे, एक टक्का टॉलरन्सचे रेझिस्टर लावावेत. त्याच्या प्लस पिनला दोन समान रेझिस्टरच्या मधून पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट द्यावेत. आउटपुट ५ वजा इनपुट येईल. बफरच्या इनपुटपासून ग्राउंडला एक मेगाओहम लावावा. सेन्सरची तार तुटली तर आउटपुट थेट ५ व्होल्टजवळ जाईल आणि ४.५ च्या वरची पातळी दोष म्हणून ओळखणारा कंट्रोलर ती पकडेल.

भोसरीचा_फिटर
कंट्रोलरकडून सेन्सरला प्रत्यक्षात ४.९ व्होल्टच येतात. त्याने फरक पडेल काय?

सोल्डरवाला
सेन्सर रेशोमेट्रिक असेल, म्हणजे त्याचे आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलत असेल, तर पडणार नाही, मात्र ऑपॅम्पचा पुरवठा आणि निम्मे व्होल्टेज दोन्ही त्याच ४.९ मधून घ्यावेत. वेगळा ॲडॅप्टर जोडल्यास दोन्ही पुरवठ्यांमधील फरक थेट रीडिंगमध्ये उतरेल.