मदत हवी आहे: भाची युगांडाला सेवेला जातेय

नमस्कार मंडळी. माझी भाची म्हापशाच्या एका गटाबरोबर युगांडाला जातेय. काम अनाथ तान्ह्या बाळांच्या घरात आणि अशी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत. पीतज्वराची लस सक्तीची, दाखला टोचल्यावर १० दिवसांनी लागू होतो, एवढं ठाऊक आहे. गोव्यात ती कुठे मिळते, आधी वेळ घ्यावी लागते का? अलीकडे कुणी घेतलीय?

मला खरी काळजी वेगळीच. बाळाला लळा लागायचा नि ही परत यायची. त्यापेक्षा तिने त्या कुटुंबांना धुण्या-स्वयंपाकात हात द्यावा, असं मला वाटतं. (घरी ताट उचलत नाही, ते सोडा!) असं काम केलेलं कुणी आहे का? आणि दुपटी-लंगोट इथून न्यावेत की तिथेच घ्यावेत?